गल्लीचा फोन आणि माझं इंटरनेट

छोट्या धंद्यासाठी कोणतं इंटरनेट घ्यावं, हे विचारायला गेल्या आठवड्यात एक गृहस्थ मोखाड्याहून मोटारसायकलवर आले. जव्हारमधले या विषयातले अनुभवी म्हणून त्यांना कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं. मी त्यांना चहा दिला, खारी दिली आणि घाटातल्या खड्ड्यांबद्दल बराच वेळ बोललो. शेवटी बिचारे उठून गेले. सल्ला देणं मला जमत नाही. दोन मतं समोर आली की मला दोन्ही पटतात. एकच आलं तर आपल्याला ते नीट कळलेलं नसावं अशी शंका येते. म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कोणी आलं तर हे कागद हातात देता येतील आणि मला बोलावं लागणार नाही.

गोष्ट मागच्या वर्षीची, म्हणजे दोन हजार सहा सालची. बाजारात माझं लहानसं दुकान आहे. पुस्तकांची बांधणी, रबरी शिक्के आणि लग्नपत्रिका. शिक्के लोक एकदा करून घेतात आणि जन्मभर पुरवतात. बांधणीला पुस्तकं आणणारं गिऱ्हाईक जव्हारात मुख्यतः मीच. तेव्हा घर चालायचं ते पत्रिकांवर. छापायचं यंत्र माझ्याकडे नाही. गिऱ्हाइकानं सांगितलेला मजकूर मी सुवाच्य अक्षरात लिहायचा, पाकीट नाशिकच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, नाशिकच्या प्रेसनं छापायचं आणि गठ्ठा परतीच्या गाडीनं यायचा. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं. एकदाच एक पाकीट चुकून त्र्यंबकला उतरलं, पण कोणीतरी भल्या माणसानं ते मागच्या गाडीत चढवलंही.

मग प्रेसच्या शेठचा फोन आला. माझं अक्षर मोत्यासारखं आहे वगैरे ते आधी बोलले, तेव्हाच मला घाम फुटला. पुढे म्हणाले, आता इथं सगळं कॉम्प्युटरवर आहे, महिनाअखेरपर्यंत कागद चालवून घेतो, नंतर मजकूर ई-मेलनं आला पाहिजे. नाहीतर जव्हारचं काम आपण थांबवू. मी बरं म्हणालो. फोनवर मी सगळ्यांना बरं म्हणतो. त्यानं बोलणं लवकर संपतं.

माझा मुलगा जुनेद भिवंडीत असतो. त्यानं त्याच्या ऑफिसात नको झालेला एक कॉम्प्युटर आणून दिला, दोन सुट्ट्यांत मला मराठी टायपिंग शिकवलं आणि जाताना सांगितलं, "अब्बा, महिन्याभरात इंटरनेट लागलं तर ठीक. नाहीतर दुकान आवरा आणि भिवंडीला चला. खोली रिकामीच आहे." मुलगा गुणी आहे, सून त्याहून गुणी आहे. पण खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगला लिफ्ट नुसती मंजूर झालेली आहे. शिवाय तिथल्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते आणि समोरचे माझ्याकडे बघून हात हलवतात. रोज एवढा परिचय मला झेपणार नाही. माझी बायको खैरुन म्हणाली, "तुम्ही जाल तिथे मी येईन. पण जिना तुम्ही आधी चढून दाखवा."

तर इंटरनेट लावणं भाग होतं. मी वाचनालयात जाऊन या विषयावरचं एक पुस्तक आणलं. त्याची बांधणी खिळखिळी झाली होती, म्हणून आधी ती केली. पुस्तकात म्हटलं होतं की लहान व्यावसायिकाने किमान तीन-चार पुरवठादारांची तुलना करावी, आपली गरज ओळखावी आणि घाई करू नये. घाई न करण्याचा भाग मी लगेच अमलात आणला.

त्यात सर्वांत स्वस्त आणि सोपा मार्ग दिला होता तो घरच्या फोनचा. फोनची तार कॉम्प्युटरला जोडायची, त्यानं नंबर फिरवायचा आणि इंटरनेट सुरू. आमच्या घरी फोन आहे. हे वाक्य तितकंसं बरोबर नाही. आमच्या गल्लीला फोन आहे आणि तो आमच्या घरी ठेवलेला आहे. ज्याच्याकडे फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे 'पी.पी.' लिहायचं, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. मोबाइल तेव्हा बाजारात काहींच्या खिशात दिसायला लागले होते, पण आमची गल्ली टेकडीच्या आडोशाला. तिथे मोबाइलचा उपयोग वेळ बघण्यापुरता. तेव्हा सगळ्या गल्लीचा पी.पी. मी. कोणाचा नवरा ठाण्याला बांधकामावर, कोणाचा भाऊ आखातात, कोणाची लेक वाड्याला दिलेली. सगळ्यांचे आवाज आमच्या पडद्याआड येऊन थांबायचे आणि खैरुन दारात उभी राहून नावं पुकारायची.

एवढ्यावरही भागलं असतं. पण लग्नपत्रिकेवर खाली 'संपर्क' असा एक शब्द असतो. पोशेऱ्याचं, दाभोशाचं गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं, आणि संपर्कापुढे काय लिहू म्हणून विचारलं की ते आपल्या पायांकडे बघायचं. माणूस असा बघायला लागला की मला कसंतरीच होतं. मग मी म्हणायचो, राहू दे, माझा घालतो. असं करत करत जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांतल्या बऱ्याच लग्नांचा संपर्क मीच झालो. वऱ्हाडाची जीप फाट्यावर बंद पडली, फोन मला. बँडवाले चुकून दुसऱ्याच पाड्यावर वाजवायला लागले, फोन मला. एकदा नवरामुलगा सापडत नव्हता तेव्हाही माझ्याकडे चौकशी झाली. एवढे फोन यायचे म्हणून जुनेदनं दुसऱ्याला थांबवून ठेवायची सोय लावून दिली होती. बोलणं चालू असताना दुसरा फोन आला की कानात टुक टुक होतं.

या टुक टुकनंच घात केला. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरनं नंबर फिरवला, ओलं पातेलं तापल्या तव्यावर ठेवावं तसा आवाज काढला, बराच वेळ कण्हला आणि शेवटी जोडला गेला. मी खैरुनला हाक मारणार तोच ठाण्याहून शेजारच्या ताईच्या नवऱ्याचा, माघ्याचा फोन आला. टुक टुक झालं आणि इंटरनेट गेलं. पुन्हा जोडलं, तेव्हा वांगणीच्या एका लग्नाला ताशेवाले हवे होते. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर नुसता कण्हत होता. ती टुक टुक बंद करायला अर्ज करावा लागतो आणि त्याला दिवस लागतात, असं कळलं. माझ्या मनात आणखी एक विचार आला होता, की गल्लीला सांगावं, बाबांनो, रोज थोडा वेळ फोन मला द्या. पण आपलाच फोन लोकांकडे कसा मागायचा, हे मला सुचेना.

पुस्तकानं सांगितल्याप्रमाणे मी इतर पुरवठादारांकडे वळलो.

पहिला सल्ला लक्ष्याचा. लक्ष्या एसटी स्टँडवर हमाली करतो, त्यामुळे जगात काय चाललंय ते त्याला डोक्यावर घेऊन चालावं लागतं. तो म्हणाला, टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट येतं, मुंबईला सगळ्यांकडे तसंच आहे. केबलचा धंदा हरेशचा. त्याच्या दुकानात मी तीनदा जाऊन परत आलो, कारण तिथे माणसं होती. चौथ्यांदा हरेशनंच हाक मारली. माझं म्हणणं ऐकून तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "चाचा, वायर माझी, खांब माझे, गिऱ्हाईक माझं. फक्त इंटरनेट यायचं बाकी आहे." तरी आगाऊ नाव नोंदवून ठेवा म्हणाला. मी नोंदवलं. नाही म्हणायला जास्त वेळ लागला असता.

मग टेलिफोनच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब फार सभ्य होते, त्यामुळे आणखीच अवघडलो. नवीन लाइन मिळणार नाही, आमच्या बाजूच्या खांबापर्यंत तारेची जोडी शिल्लक नाही, असं ते म्हणाले. मात्र ब्रॉडबँड नावाचं काहीतरी येऊ घातलं होतं, ज्यात बोलणं आणि इंटरनेट एकाच तारेवरून एकदम चालतं. हे मला देवाघरच्या न्यायासारखं वाटलं. फक्त त्यासाठी गावातून पुरेशी मागणी यायला हवी होती. गल्लीतले दहा-बारा अर्ज आणा, वर पाठवतो, म्हणाले.

दारोदार जाऊन अर्ज भरून घेणं हे माझ्या स्वभावातलं काम नव्हे. पण खैरुननं कोऱ्या अर्जांचा गठ्ठा हातात घेतला आणि ती पुढे, मी मागे, असे आम्ही निघालो. कशाचा अर्ज आहे हे कोणी विचारलं नाही. कासमचाचांनी आजवर कधी काही मागितलं नाही, एवढ्यावर सगळ्यांनी सह्या आणि अंगठे दिले. मला भरून आलं. साहेबांनी एकेक अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि मला विचारलं, "कासमभाई, ही सगळी मंडळी एकाच घरात राहतात का?"

मी नाही म्हणालो.

"मग सगळ्यांचा फोन नंबर एकच कसा?"

ब्रॉडबँड ज्याच्या नावावर फोन असेल त्यालाच मिळतो. मी म्हणालो, राहतात वेगळे, फोनला एकत्र येतात. साहेब हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी माझा एकट्याचा अर्ज ठेवून घेतला आणि बाकीचे नीट घडी घालून परत दिले.

महिना अर्धा सरला. तेवढ्यात एका खाजगी कंपनीचा एजंट लक्ष्यानं माझ्या दुकानी आणून सोडला. त्याच्याकडे बिनतारी फोन होता. छपरावर अँटेना लावायची, फोनमधून कॉम्प्युटरला वायर, झालं. आमच्या छपरावर त्यानं अँटेना चारही दिशांना फिरवली. काही नाही. शेजारी ताईच्या छपरावर फिरवली, तिथेही नाही. उतरताना मात्र ताईच्या मागच्या पडवीत, कोंबड्यांच्या कोपऱ्यात, त्याच्या हातातल्या फोनला एकदम सिग्नल आला. टेकडीला कुठेतरी फट असावी आणि ती नेमकी त्या कोपऱ्यावर उघडत असावी. तो म्हणाला, हीच जागा, इथून तसूभर हलायचं नाही.

ताईला विचारायचं मी दोन दिवस घोळवत होतो. तिनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलंच होतं. "ठेवा की चाचा," ती म्हणाली, "कोंबड्या काय वाचायला जातात तुमचं?" आम्ही कॉम्प्युटर उचलून पडवीत नेला, खोक्यावर मांडला आणि एजंटच्या फोनवर चाचणी घेतली. इंटरनेट सुरू झालं आणि चालू राहिलं. जुनेदला मी माझ्या आयुष्यातला पहिला ई-मेल पाठवला. बराच विचार करून 'खुशाल आहोत' एवढंच लिहिलं. कॉम्प्युटर तात्पुरता घरी परत आणला आणि परवा कागदपत्रं घेऊन या, म्हणून एजंटला सांगितलं.

परवा आम्ही गेलो तर त्या कोपऱ्यात टोपली होती, टोपलीत कोंबडी होती आणि कोंबडीच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काहीही नव्हतं. ती खुडूक झाली होती आणि ताईनं तिला अंड्यांवर बसवलं होतं. एजंट म्हणाला, टोपली जरा सरकवा. ताईचा चेहरा पडला. बसलेली कोंबडी हलवली तर ती उठते, मग परत बसत नाही आणि सगळी अंडी वाया जातात. "पिल्लं निघेस्तोवर थांबा ना चाचा. नाहीतर उठवू का?" तिनं विचारलं. हे 'उठवू का' इतक्या मनापासून होतं, की माझ्या तोंडून नको नको निघून गेलं. पिल्लं निघेपर्यंत माझा महिना संपत होता. एजंट मोटारसायकलला किक मारताना पुटपुटला की मोठ्या शहरात असली अडचण कधी आली नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला आणि सकाळच्या जीपनं पोशेऱ्याहून फागू आला. त्याच्या धाकट्या मुलीचं, चिमीचं लग्न होतं. तिची पत्रिका मी आधीच टाइप करून ठेवली होती आणि तीच ई-मेलनं जायची होती. शेठनी सकाळी बजावलं होतं, चारपर्यंत मजकूर आला तर छापतो, नाही आला तर ही पत्रिका नाही आणि पुढचीही नाही. फागू आमच्या घराच्या उंबऱ्यावर टेकला. मी आत जाऊन खैरुनला म्हणालो, की भिवंडीच्या जिन्याला कठडा तरी आहे का, जुनेदला विचारून ठेव.

खैरुन म्हणाली, "तासभर फोन मागायचाय ना तुम्हाला, किडनी नाही."

डोक्यावर पदर घेऊन ती गल्लीत उभी राहिली आणि मी महिनाभर जे मनात जुळवत होतो ते तिनं एका दमात सांगून टाकलं. दोन ते तीन फोन कासमचाचांचा. कोणी करायचा नाही, कोणी घ्यायचा नाही. गल्लीला काही वाटलं नाही. उलट, आधी का नाही सांगितलंत, म्हणून मलाच बोलणी बसली. मग लक्ष्याच्या डोक्यात आलं, की आपण करणार नाही, पण बाहेरून येतात त्यांचं काय? त्यांनाही कळवायला हवं. सगळ्यांना पटलं. दोन वाजेपर्यंत आमच्या फोनपुढे रांग लागली. ठाणे, भिवंडी, वाडा, विक्रमगड, सगळीकडे निरोप गेले, की आज दोन ते तीन जव्हारला फोन करू नका. कारण सांगायला वेळ नव्हता, मागे माणसं उभी होती.

दोन वाजले. मी बिस्मिल्ला म्हणून नंबर फिरवला. गल्ली आमच्या दारात श्वास रोखून उभी. कॉम्प्युटर कण्हला, जोडला गेला, आणि लगेच टुक टुक.

माघ्या होता. "फोन करू नको असं का सांगितलं? कोण गेलं?" कोणी नाही म्हणून सांगितलं, ठेवला, पुन्हा जोडलं. टुक टुक. वाड्याची लेक रडत होती, आईला बोलवा म्हणत होती. आई समोरच उभी होती, तरी तिला स्वतः बोलून आपण जिवंत असल्याची खात्री पटवावी लागली. ज्यांना ज्यांना करू नका म्हणून कळवलं होतं, त्या सगळ्यांनी बरोबर दोनच्या ठोक्याला केला. एरवी आठ आठ दिवस ज्यांची खबर नसायची तेही बूथवर रांग लावून उभे होते. जुनेदनंही केला. मला काही झालंय आणि त्याच्यापासून लपवतोय, असं त्याला वाटलं. मी बोलतोय ना, म्हटलं. तर म्हणाला, अब्बा, तुमचा आवाज पडलेला वाटतो. आवाज मुळात कधी उभा होता?

तीन वाजून गेल्यावर सगळ्यांची काळजी एकदम संपली आणि फोन मुका झाला. मी पुन्हा जोडलं. पत्रिका चढायला लागली. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती आणि लक्ष्या तिला बैलासारखा हाकारत होता. शेवटी 'पाठवले' असं आलं. ताईनं टाळ्या वाजवल्या. खैरुननं चहाचं आधण ठेवलं. मी फागूच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसलो.

पाच मिनिटांत शेठचा फोन. "कासमभाई, हे काय पाठवलंत?"

मी म्हणालो, पत्रिका.

"इथं नुसती इंग्रजी अक्षरं आलीत. कंस, टिंबं, उद्गारचिन्हं. देवाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे."

माझ्या कॉम्प्युटरमधली मराठी अक्षरं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती. पुस्तकात याबद्दल एक ओळ नव्हती. बाहेर लोक पेल्यांत चहा ओतून घेत होते. घड्याळात चार वाजायला थोडा अवधी होता. मला नंतर पुष्कळदा आश्चर्य वाटलं, की ते मी बोललो कसा. पण म्हणालो खरा, "शेठ, मी वाचतो. तुमच्याकडे कोणाला तरी टाइप करायला बसवा."

त्यांनी टीना नावाच्या मुलीला फोन दिला. मी कागद घेतला, घसा साफ केला आणि वाचायला लागलो. आधी हळू वाचत होतो, पण लाइनवर खरखर होती, म्हणून आवाज चढवावा लागला. हिरवा देव प्रसन्न. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी चिमी, पोशेऱ्याच्या फागूची कनिष्ठ कन्या. प्रत्येक पाड्याचं नाव, प्रत्येक मामाचं नाव, काना-मात्रा सांगत सांगत. खाली मुलांच्या तोंडची ओळ असते, ती आली तेव्हा अडखळलो. पण चार वाजत आले होते. 'आमच्या चिमी आत्याच्या लग्नाला यायचं हं, लहान्या आणि पोशी,' हे मी, वय वर्षं सहासष्ट, लाडिक आवाजात नाशिकला ऐकवलं. दारातली गल्ली हसली नाही. सगळे ऐकत होते.

टीनानं शेठकडे फोन दिला. ते कोणाशी तरी बोलले, मग मला म्हणाले, "ही म्हणते, कागदापेक्षा हे बरं. विचारायलाच काही उरत नाही. ते ई-मेल राहू द्या. तुम्ही रोज तीनला वाचून दाखवाल का?"

मी बरं म्हणालो. या वेळी बोलणं लवकर संपावं म्हणून नाही. खैरुननं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. जुनेदला आज कळवायचं नाही, परत लाइन अडेल, एवढंच ती म्हणाली.

फोन ठेवणार इतक्यात फागू उंबऱ्यावरून उठून आत आला. आमच्या घरात तो कधी आत येत नाही. मला वाटलं, नावात काही चुकलं.

"कासमभाय, आजून एकदा वाच ना."

का रे, म्हटलं, काही राहिलं का?

"राहिला काय नाय. मोठीच्या लग्नात पत्रिका छापली, मधलीच्या लग्नात छापली. गावभर वाटल्या. आत काय लिवलाय ता आज आयकला."

पलीकडे शेठना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी फोन ठेवला नाही. मी कागद पुन्हा उचलला आणि पहिल्यापासून वाचला, या वेळी काना-मात्रा न सांगता, जसा वाचायचा तसा. स्वतःचं नाव आलं तेव्हा फागूनं टोपी सारखी केली. मामांची नावं आली तेव्हा तो एकेकाला मान हलवत गेला, जणू ते मांडवात येऊन बसत होते. शेवटच्या ओळीनंतर तो एक पाऊल पुढे आला. मग फोनकडे बोट दाखवून म्हणाला,

"आता छाप."